चार नंबरचा लाल

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी पूजेच्या आधी, दुकानाचं शटर अर्धंच वर करून, मी एका बारक्या नळीतला लाल रंग स्वतःच्या ओठांना लावला. पन्नाशीला टेकलेला माणूस, मिशी पिकायला लागलेली, आणि बांगड्यांच्या स्टँडमागच्या आरशासमोर हा उद्योग. लिहितानाही लाज वाटते आहे.

पण दुसरा मार्ग दिसत नव्हता. चाकणची कंपनी सोडून काळेवाडीत हे कटलरीचं दुकान टाकल्यापासून टिकल्या, पिना, बांगड्या यांचं मला थोडंफार कळायला लागलं आहे. हा लिप स्टेन मात्र नवीन. वर काचेसारखी चकाकी आणि खाली पक्का रंग. भोसरीच्या घाऊक एजन्सीतल्या गोरक्षने भरपूर माल आणून टाकला आणि म्हणाला, "भाऊ, ह्येच चालतंय बगा आता." मुली येतात, नळी हातात घेतात आणि विचारतात, काका, चिकट आहे का, किती वेळ टिकतो, जेवल्यावर जातो का. मी म्हणतो, चांगला आहे ताई. त्या हसून नळी खाली ठेवतात. कंपनीत मी पार्ट तपासायचो, तेव्हा बोट फिरवल्याशिवाय एकही पुढे सोडला नाही. इथे मात्र न लावलेल्या वस्तूला चांगलं म्हणत बसलो होतो.

लावल्यावर आधी ओठ ओले झाल्यासारखे चमकले. मग मिशीचे केस त्यात चिकटले. ते सोडवताना रंग मिशीला लागला. रुमालाने पुसलं तर चकाकी गेली आणि लाल तसाच. साबण लावला, तरी लाल तसाच. शेवटी तोंडाला रुमाल बांधून देवासमोर बसलो. दत्तगुरूंना सगळं दिसतं, त्यांच्यापासून काय लपवायचं, पण शेजारच्या मेडिकलवाल्यापासून लपवणं भाग होतं.

नेहमीप्रमाणे दिवसाची पहिली विक्री होऊन गेल्यावर माझी बहीण गिरजा मागच्या दाराने आली. माझ्याकडे पाहून ती हसली नाही. खोबरेल तेलात कापूस बुडवून हातात दिला आणि म्हणाली, "घासू नकोस दादा. तेल मुरू दे, मग पूस." थोड्या वेळात ओठ स्वच्छ.

तुला कसं माहीत, असं विचारलं. म्हणाली, मुली बोलतात ना.

२१ नोव्हेंबर

दुकान लांबट आहे. मागे पडदा लावून एक कोपरा केला आहे. गिरजा तिथे बसून माल फोडते, टिकल्यांची पाकिटं लावते, चहा करते. तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. आईचा नियम असा की दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, माझ्या हातून झाल्याशिवाय गिरजाने दुकानात पाऊल टाकायचं नाही, आणि नंतरही पुढे बसायचं नाही. बायकांच्या शृंगाराचं दुकान आहे, गिऱ्हाइकाच्या मनात काही यायला नको, असं आईचं म्हणणं. सुभद्रा, माझी बायको, पहिल्या दिवसापासून म्हणते आहे की वन्संना पुढे बसवा. मी म्हणतो, बघू.

आज एक गंमत झाली. वायरिंगच्या कंपनीत जाणाऱ्या दोन मुली आल्या होत्या. एकीने विचारलं, मास्कला लागतो का हो काका? मी घुटमळलो. पडद्यामागून गिरजाचा आवाज आला, "लावल्या लावल्या मास्क घातला तर लागतो. सुकू दिला तर नाही लागत. पातळ लावायचा, आणि जरा वेळ ओठ एकमेकांना लागू द्यायचे नाहीत."

"जरा वेळ म्हणजे किती?"

आता मला बोलता आलं. मनातल्या मनात एक आरती म्हणायची तेवढा, असं मी सांगितलं. मुली हसल्या, पण त्यांना माप कळलं. दोघींनी घेतला. जाताना एक पडद्याकडे पाहून म्हणाली, "थँक्यू मावशी."

२५ नोव्हेंबर

आता मुली माझ्याशी बोलतच नाहीत, पडद्याशी बोलतात. मी मध्ये बसून फक्त नळ्या काढून देतो. कानावर पडतं ते असं.

आवडतं काय, तर हलका आहे, लावल्यासारखा वाटत नाही. शिफ्ट संपेपर्यंत राहतो. कँटीनच्या स्टीलच्या पेल्यावर उमटत नाही. ओठ नुकतं पाणी प्यायल्यासारखे दिसतात. दिव्या नावाची एक मुलगी म्हणाली की लाइनवर सगळ्या एका रंगाच्या टोपीत, एका रंगाच्या एप्रनमध्ये उभ्या असतात, मास्क काढला की तेवढंच आपलं स्वतःचं दिसतं. हे वाक्य मला दिवसभर पुरलं.

नावडतं तेही बरंच. बाइकवर मागे बसलं की केस येऊन चिकटतात. वास खोकल्याच्या औषधासारखा. वडापाव खाल्ला की तेलाने आतला रंग जातो आणि कडेला रेघ उरते, तोंड वहीत समास आखल्यासारखं दिसतं. थंडीने उललेल्या ओठांच्या भेगांत गडद बसतो. नळीत दिसतो तो रंग ओठावर येत नाही. आणि सगळ्यात मोठी तक्रार अशी की घरी जाण्याआधी काढावा म्हटलं तर निघत नाही. जिथे सासूला चालत नाही तिथे तो टिकणंच नडतं.

गिरजाकडे प्रत्येक तक्रारीला उत्तर आहे. उललेल्या ओठांना रात्री तूप लावा. कडेची रेघ बोटाने आत ओढून घ्या. नळ्यांवर नुसते नंबर आहेत, तर तिने त्यांना नावं दिली आहेत. एक नंबर चिंच, दोन नंबर जांभूळ, तीन नंबर पिकलं करवंद. मुली आता नावानेच मागतात. चार नंबर, भडक लाल, त्याला मात्र तिने नाव दिलेलं नाही. त्याला चार नंबरच म्हणते.

तिची स्मरणशक्ती लहानपणापासून चांगली. ऐकलेलं सगळं लक्षात ठेवते.

५ डिसेंबर, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

सकाळपासून गर्दी. पूजेसाठी वेण्या, हळदीकुंकवाचे करंडे, बांगड्या. वरच्या फळीवरचा खोका मला एकट्याला निघेना म्हणून गिरजा बाहेर आली. देवळाकडच्या बिल्डिंगमधल्या एक बाई कुंकवाचा करंडा निवडत होत्या. त्यांनी गिरजाच्या कपाळाकडे पाहिलं, करंडा अलगद खाली ठेवला आणि म्हणाल्या, "नंतर येते मी." त्या नंतर आल्या नाहीत.

गिरजाने खोका खाली ठेवला, धूळ झटकली, आत गेली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. बांगड्यांचे डझन मोजत बसलो.

दुपारी ती घरून जुनी सोलापुरी चादर घेऊन आली आणि पातळ पडद्याच्या जागी तीच लावली.

६ डिसेंबर

सुभद्रा काल रात्रीपासून माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. आज डबा देताना म्हणाली, "अहो, उद्या चादरीच्या जागी भिंतच घाला. म्हणजे प्रश्न मिटला."

मी तिला सांगितलं की आईचं मन मोडवत नाही. ती म्हणाली, आईचं की तुमचं? डबा घेऊन निघालो. वाटेत देवळात जरा जास्त वेळ बसलो. दुकान नवीन आहे. आणखी दोन बायका करंडा खाली ठेवून गेल्या तर काय करायचं, ही भीती माझी आहे, आईची नाही. देवासमोर तरी खरं बोलावं म्हणून मनात बोललो. त्याने काही उपाय सुचवला नाही.

२० डिसेंबर

थंडी वाढली आहे. गिरजाचे ओठ लालसर दिसतात, बहुतेक उलले असतील. तूप लावायला सांगितलं. ती बरं म्हणाली. दुकानातली तेलाची बाटली फार लवकर संपते आहे. थंडीने तेल गोठतं, सांडत असेल.

एक मात्र खरं, ती आजकाल आत गुणगुणते. बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

३ जानेवारी

महिला मंडळाच्या वर्षालीताई आल्या होत्या. पलीकडच्या सोसायटीत राहतात, बोलणं तडकफडक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दर वर्षी प्लास्टिकचे डबे लुटून बायका कंटाळल्या आहेत, या वेळी सगळ्यांना वाण म्हणून लिप स्टेन द्यायचा, असं ठरलं आहे. दुकान टाकल्यापासूनची सगळ्यात मोठी ऑर्डर. रंग कोणता ते त्यांनी माझ्यावर सोपवलं.

मी लगेच चार नंबर म्हणालो. हळदीकुंकू आहे, वाण सवाष्णीला द्यायचं आहे, कुंकवासारखा लाल शोभेल. वर्षालीताईंना पटलं.

त्या गेल्यावर चादरीमागून गिरजा म्हणाली, "दादा, चार नंबर नको देऊस. तो सगळ्यात जास्त धरतो. दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या बायकांचे हाल होतील. चिंच दे."

चिंचेचा रंग विटकरी, मळकट. शुभ कार्याला विटकरी कसा द्यायचा? आणि मनात असंही आलं, ते लिहून टाकतो, की वाणाच्या गोष्टीत गिरजाने बोलू नये. तोंडाने एवढंच म्हणालो, ऑर्डर झाली आता. गोरक्षला फोन करून सगळा चार नंबर मागवला.

१५ जानेवारी

हळदीकुंकू झोकात झालं म्हणे. सुभद्रा जाऊन आली. तिळगुळाच्या वड्या, उखाणे, आणि वाण हातात पडताच बायकांनी तिथेच आरशात बघून ओठ रंगवले, वर एक हात, मग आणखी एक. सगळ्या जणी लालभडक, एका साच्यातून काढल्यासारख्या, असं सुभद्रा म्हणाली. तिनेही लावला होता. मी बघतच राहिलो. ती म्हणाली, बघताय काय, आधी कधी पाहिली नाही का. आईसुद्धा हसली.

गिरजा घरी भाकऱ्या करत होती. तिला अर्थातच बोलावणं नव्हतं.

१६ जानेवारी, गुरुवार

आज जे झालं ते नीट, क्रमाने लिहितो.

दुपारी पहिली शिफ्ट सुटायच्या सुमाराला वर्षालीताई पुढे आणि मागे आठ-दहा बायका, अशी वरात दुकानासमोर आली. सगळ्यांचे ओठ लाल. चकाकी कुठेच नव्हती, नुसता लाल. काहींच्या ओठांभोवतीची कातडी खरवडून सुजली होती.

झालं होतं ते असं. रात्री झोपून उठल्या तरी रंग गेला नाही. ज्या कंपन्यांत भडक मेकअप चालत नाही तिथे सुपरवायझरने गेटवरच अडवलं. बायकांनी हात धुवायच्या लिक्विडने, कोणी घासणीने, कोणी चक्क कामाच्या चिंधीने ओठ घासले. एकीला अर्धा दिवस घरी पाठवलं. एकीच्या सासूने सकाळपासून तिच्याकडे बघून तोंडाला पदर लावला.

"काका, वाण दिलंत की शिक्षा?" वर्षालीताई म्हणाल्या. "माझ्या तोंडावर बायका बोलल्या मला. मंडळात काय सांगू मी?"

मी हात जोडले. माल परत घेतो म्हणालो. दिव्याही त्यात होती. ती म्हणाली, "नळी परत घ्याल काका, ओठांचं काय करणार? उद्या परत गेट आहे." चार नंबर नको, हे मला एका माणसाने आधी सांगितलं होतं. ते माणूस हाताच्या अंतरावर चादरीमागे होतं आणि मी ते सांगू शकत नव्हतो.

तेवढ्यात चादर बाजूला झाली आणि गिरजा बाहेर आली. एका हातात तेलाची बाटली, दुसऱ्या हातात कापूस. आणि तिच्या ओठांवर चार नंबर. ताजा, काचेसारखा चकाकणारा, कडेला जरासुद्धा न पसरलेला.

मला आधी वाटलं, मला भास होतो आहे. मग तेलाची बाटली का संपते, ओठ का लाल दिसतात, तिला सगळं कसं माहीत असतं, हे एकदम कळलं. ती रोज लावत होती. रोज घरी जाण्याआधी काढत होती. आत पुसून मगच बाहेर येणं तिला सहज जमलं असतं. ती पुसून आली नाही.

ती कोणाकडेच पाहत नव्हती. बांगड्यांच्या स्टँडमागच्या आरशासमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "हा घासून जात नाही. घासला की आणखी आत बसतो. बघा." कापूस तेलात बुडवून स्वतःच्या ओठांवर ठेवला आणि थांबली. सगळ्या जणी थांबल्या. मग तिने कापूस कडेकडून मध्ये असा हळूच ओढला. लाल सगळा कापसावर आला. तिचे ओठ पुन्हा तिचे झाले.

मी देवाचं नाव घेत होतो. बायकांपैकी एकजण जरी वळून चालू पडली असती, तरी गिरजा पुन्हा कधी त्या चादरीबाहेर आली नसती, हे मला तेव्हा स्वच्छ दिसत होतं.

वर्षालीताईंनी स्टूल ओढलं. त्यावर बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि हनुवटी वर केली. "माझं आधी काढा बाई. संध्याकाळी पाहुणे यायचेत."

गिरजाने आधी हात पदराला पुसले. संक्रांतीचे दिवस, समोर सवाष्ण. पण तिने हनुवटी धरली आणि कापूस ठेवला. मग दुसरी बसली. मग तिसरी. सुजलेल्या ओठांना तिने तेल नुसतं टेकवलं, पुसलंच नाही, घरी जाऊन तूप लावा म्हणाली. दिव्याची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मावशी, तुम्ही पडद्याआड बसून आमच्या आधीच लावून बसल्या होय." आणि गिरजा हसली. तोंडावर हात न ठेवता हसली.

सगळ्यात नवल पुढे झालं. नळी परत कोणीच दिली नाही. चार नंबर सुट्टीच्या आदल्या दिवशी कसा लावायचा, किती पातळ लावायचा, ते सगळ्या गिरजाला विचारत बसल्या, आणि जाताना कामावर चालेल म्हणून चिंचही घेऊन गेल्या. चिंच संपली. माझ्याने पिशव्या भरून देववेनात, इतकी घाई उडाली.

वर्षालीताई पायरी उतरताना मला म्हणाल्या, "रंग तुम्ही निवडला होता ना? पुढच्या वेळी तुम्हाला विचारणार नाही."

१७ जानेवारी

बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. आई काल जेवली नाही. आज सकाळी मला एकट्याला जवळ बसवून म्हणाली, "तुझा बाप गेला तवा मी हिच्याहून लहान व्हते बाबा. तवापासून आरशात बघितलं न्हाई. मला कोण म्हनलं न्हाई, बघ म्हून."

मला वाटलं होतं ती रागावेल. हा राग नव्हता. काय होतं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

२० जानेवारी

गिरजा पुन्हा चादरीमागे बसते आहे. तिने काहीच मागितलं नाही. पण गिऱ्हाइकं आत डोकावतात आणि "मावशी, बाहेर या" म्हणतात. ती माझ्याकडे बघते. मी नळ्या लावण्यात गढल्यासारखं करतो.

आज देवळात बसलो असताना आमच्या गावच्या देवीची आठवण झाली. गुरव दर अमावस्येला मुखवटा घासून लख्ख करायचा आणि काडीने ओठांवर लाल भरायचा. आम्ही शाळेची पोरं बघायला जायचो. ओठ भरले की मुखवटा जागा झाल्यासारखा दिसायचा. त्या देवीला कोणी कधी विचारलं नाही, तुझा मालक कुठे आहे. तिच्याच पायाशी बायका जोडीने नारळ फोडायच्या. भवानी म्हणजे तरी कोण, तीच ना. मग तिच्या नावाची पहिली विक्री माझ्याच हातून व्हावी, आणि माझ्या बहिणीच्या हातून होऊ नये, असं तिने कधी सांगितलं? हे सांगितलं आम्ही.

२२ जानेवारी

संध्याकाळी आईजवळ बसलो. उद्यापासून गिरजा पुढे बसणार आणि भवानी तीच करणार, एवढंच बोललो. आवाज जरा मोठा झाला असावा, कारण सुभद्रा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली.

आईने बराच वेळ माळ ओढली. मग म्हणाली, "लवकर जायचं मंजी तिचा डबा लवकर करावा लागंल. सुभद्रे, पीठ काढून ठिव."

गिरजाला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "आईला विचारलंस?" मी म्हणालो, नाही, सांगितलं. ती वळून केसांना तेल लावत बसली.

२३ जानेवारी, गुरुवार

सकाळी आम्ही दोघं बरोबरच निघालो. मी शटर पूर्ण वर केलं आणि बाजूला उभा राहिलो. ती माझ्याकडे बघत थांबली. मी हलत नाही म्हटल्यावर पायरी चढली, पुढच्या दाराने, आणि माझ्या जागेवर बसली. मी उदबत्ती लावली. चादर काढून घडी घातली आणि घरी न्यायच्या पिशवीत ठेवली.

मग आम्ही वाट पाहत बसलो. देवळाकडच्या त्याच बाई समोरून गेल्या. त्यांनी आत पाहिलं, थांबल्या नाहीत. गिरजा करंड्यांची झाकणं पुसत राहिली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे रात्रपाळी करून चाकणहून परतलेली एक मुलगी. डोळे झोपेने जड, खांद्याला कंपनीची बॅग. तिने गिरजाला याआधी पाहिलंच नव्हतं. नंतर चकाकी गेली तरी बरा दिसेल असा एखादा रंग द्या, म्हणाली. गिरजाने तिला ट्यूबलाइटखाली घेतलं, ओठांचा मूळ रंग पाहिला, तिच्याच बोटाच्या टोकावर जांभूळ आणि करवंद लावून दाखवलं, आणि करवंद दिलं. मनात एक आरती म्हणून होईपर्यंत ओठ मिटू नकोस, हेही सांगितलं. मुलगी हसली आणि नोट पुढे केली.

गिरजाने नोट घेतली आणि माझ्याकडे पाहिलं.

"कपाळाला लाव," मी म्हणालो.

तिने नोट देवाच्या तसबिरीला टेकवली, स्वतःच्या कपाळाला टेकवली आणि गल्ल्यात टाकली. आज दुकानाची भवानी माझ्या बहिणीने केली. मी आत चहाचं आधण ठेवायला गेलो.